शाळेपासून राईपर्यंत

आमच्या शाळेच्या मागून एक वाट वर जाते. आधी ती भाताच्या बांधावरून जाते, मग कातळावरून, मग रानातून, आणि शेवटी काळकाईच्या राईत जाऊन थांबते. नुसते चालत गेले तर वीस मिनिटे लागतात. गुरे घेऊन गेले तर अर्धा तास लागतो. पण गणपती गेल्यावर एका शनिवारी गुरुजींनी आम्हा चौथीच्या मुलांना तिकडे नेले, तेव्हा जायला दोन तास लागले! एवढा वेळ का लागला आणि आम्ही काय काय पाहिले, ते मी या लेखात सांगणार आहे. शेवटी माझी एक चूकही सांगणार आहे.

आमचे गाव पोलादपूर तालुक्यात आहे. पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी घाटाने जातात. ते अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर आणि महाडवरून वाहत जाते आणि बाणकोटजवळ समुद्राला मिळते. समुद्रावरून येणारे ढग आमच्या डोंगरांना अडतात. म्हणून आमच्याकडे पाऊस फार. वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पडतो. तीन हजार मिलिमीटर म्हणजे तीन मीटर. ते पाणी वाहून न जाता साठले असते तर वर्गातल्या फळ्याच्याही वर गेले असते, असे गुरुजींनी काठी धरून दाखवले.

पण गंमत अशी की हा सगळा पाऊस चारच महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने रान कोरडे. म्हणून रानातल्या लहान झाडांना फार घाई असते. उगवायचे, वाढायचे, फुलायचे आणि बी धरायचे, हे सगळे पाऊस आणि ओल असेपर्यंत उरकावे लागते. म्हणूनच भाद्रपदात सगळीकडे एकदम फुले दिसतात.

निघताना गुरुजींनी आम्हाला एकच प्रश्न दिला. ते म्हणाले, “फुलाचं नाव तुम्हाला आलं तर उत्तम, नाही आलं तरी चालेल. पण प्रत्येक झाडाजवळ थांबून एक विचारायचं, पुढच्या वर्षी हे परत कसं येणार?”

आम्ही सगळ्यांनी पायात बूट किंवा चपला घातल्या. हातात काठी घेतली. गवतात फुरसे असते, म्हणून काठी आपटत जायचे. एका मुलाने पाण्याने भरलेली कळशी घेतली होती. ती कशाला, ते पुढे कळेल.

बांधावर

पहिल्यांदा भाताचे बांध लागले. भात पोटरीत आले होते. बांधावर कुर्डू खूप होते. कुर्डूचा तुरा वर गुलाबी आणि खाली पांढरा असतो. पावसाच्या सुरुवातीला त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. एक वाळका तुरा तळहातावर चोळला तर बारीक बारीक काळे चकचकीत बी पडले. मोहरीपेक्षाही लहान. एका तुऱ्यात एवढे बी, मग पुढच्या वर्षी कुर्डू का नाही येणार? आमचे पहिले उत्तर मिळाले. कुर्डू बियांनी परत येते.

शेजारी टाकळा होता. टाकळ्याची भाजी आपण सगळेच खातो. आता त्याला पिवळी फुले आणि बारीक लांब शेंगा होत्या. टाकळ्याची पाने संध्याकाळी मिटतात आणि सकाळी उघडतात. लाजाळूची पाने हात लावला की मिटतात. लाजाळूच्या पानाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. हात लागला की त्या सांध्याच्या एका बाजूचे पाणी दुसरीकडे निघून जाते आणि पान खाली पडते. थोड्या वेळाने पाणी परत येते आणि पान उघडते. लाजाळू मूळची अमेरिकेकडची आहे, हे ऐकून आम्हाला नवल वाटले. आम्हाला ती आमच्याच गावची वाटत होती.

बांधाच्या कडेने तेरडा फुलला होता. तेरडा सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे तेरड्याचीच गौर आणतात. “तेरड्याचा रंग तीन दिवस” असे मोठी माणसे म्हणतात. तेरड्याची पिकलेली बोंडे दिसायला फुगीर असतात. बोटाने नुसते दाबले की फट्‌कन फुटते, साल गुंडाळली जाते आणि बी उडून लांब पडते. आम्ही सगळ्यांनी बोंडे फोडली. एकीच्या डोळ्यावरच बी उडाले. पहिलीतली मुले असती तर त्यांना तिथून हलवताच आले नसते!

तेरडा एकाच वर्षाचा असतो. दिवाळीपर्यंत तो वाळून मरतो. पण मरायच्या आधी त्याने बी चारी बाजूला उडवलेले असते. म्हणून गौरीसाठी तेरडा मुळासकट आणला तरी शेजारची झाडे बी टाकतात आणि पुढच्या वर्षी तेरडा परत येतो. हे नीट लक्षात ठेवा. पुढे याचे काम आहे.

कातळावर

बांध संपला की कातळ लागतो. कातळावर माती फारच थोडी. कुठे चार बोटे, कुठे दोन बोटे. पावसात तिथून पाणी झिरपत असते. दुरून पाहिले तर नुसते शेवाळ आणि गवत वाटते. गुरुजी म्हणाले, “खाली बसा.” आम्ही उकिडवे बसलो तर बारीक बारीक जांभळी निळी फुले! तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. त्यांना सीतेची आसवे म्हणतात. सीतामाई रानात रडली तिथे ही फुले उगवली, असे जुनी माणसे सांगतात.

या फुलाची खरी हकीकत आणखी नवलाची आहे. कातळावरच्या पातळ मातीत झाडाला लागणारे अन्न कमी असते. म्हणून हे झाड मातीखाली आणि पाण्यात अगदी बारीक फुगे ठेवते. पाण्यातला एखादा सूक्ष्म किडा फुग्याच्या तोंडाशी आला की फुगा त्याला पाण्यासकट आत ओढून घेतो. मग तो किडा आत विरघळतो आणि झाडाला त्याचे अन्न मिळते. फुगे एवढे लहान असतात की डोळ्यांना जेमतेम दिसतात. आम्हाला काही दिसले नाहीत. एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, मग आमचं बोट धरील काय?” सगळे हसले. बोट धरत नाही. मी घालून पाहिले.

कातळ सुकला की सीतेची आसवे वाळतात. त्यांचे बी धुळीसारखे बारीक असते. ते कातळाच्या भेगांत पडून राहते आणि मृगाच्या पावसात रुजते. पण कातळावरची चार बोटे माती पायांनी किंवा गाडीच्या चाकांनी उकरली गेली, तर बी पडणार कुठे? माती तयार व्हायला फार वर्षे लागतात. म्हणून आम्ही एकामागे एक, उघड्या दगडावर पाय ठेवून पुढे गेलो.

साताऱ्याजवळ कासचे पठार आहे. तिथेही असाच कातळ आणि अशीच फुले आहेत. ती पाहायला लांबून लोक येतात. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यात महाराष्ट्रातल्या कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या चार जागा आहेत. आमचा कातळ त्या यादीत नाही, तो भाताच्या खाचराच्या वर आहे. पण फुलांना यादी कुठे माहीत असते?

मोकळ्या रानात

कातळाच्या वर मोकळे रान लागते. इथे ऐन, किंजळ, साग अशी झाडे आहेत. ऐन ओळखायला सोपा. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली असते. आमच्याकडे राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडतात. राब भाजला की भाताचे रोप चांगले येते, असे शेतकरी मानतात. म्हणून वाटेजवळचे ऐन बुटके आणि गुठळ्या गुठळ्यांचे दिसतात. तरी ते दर वर्षी नवीन धुमारे फोडतात. खोड जिवंत ठेवले आहे म्हणून फोडतात. ऐनाच्या फळाला पाच पंख असतात. आम्ही मागच्या वर्षीचे एक वाळके फळ उडवले तर ते गरगरत खाली आले. ऐनाचे बी वारा नेतो.

या झाडांची पाने उन्हाळ्यात गळतात. पाणी कमी असताना पाने ठेवली तर पानांतून पाणी उडून जाते, म्हणून झाड पानेच टाकून देते. पाने गळतात म्हणून खाली ऊन पोचते. पावसाळ्यात पाने आली तरी झाडे विरळ आहेत, म्हणून उजेड पडतो. आणि उजेड पडतो म्हणून इथे खाली फुले येतात.

इथे आम्हाला दिसलेली फुले मी सांगते.

सोनकी. पिवळी धमक, सूर्यफुलाच्या बाळासारखी. तिच्या बियांना कापसासारखे केस असतात. ते वाऱ्यावर उडतात.

भारंगी. निळसर पांढरी, जणू छोटी फुलपाखरे बसली आहेत. भारंगीची भाजी कडू लागते. आजी ती उकडून, पाणी पिळून मग फोडणीला टाकते. भारंगीचे बुंधे जमिनीत जाड असतात. उन्हाळ्यात वरचे वाळते, पावसात खालून परत फुटते. म्हणून भाजीला कोवळी पाने खुडली तर झाड मरत नाही. उपटले तर मात्र मरते.

रानहळद. हिच्याबद्दल आम्ही सगळे फसलो. वर जो गुलाबी तुरा दिसतो तेच फूल असे आम्हाला वाटले. ती पाने असतात! खरी फुले तुऱ्याच्या खाली पानांच्या खोबणीत असतात, पिवळी आणि लहान. गुलाबी रंग मधमाशीला लांबून बोलावण्यासाठी असतो. रानहळद जमिनीतल्या गड्ड्याने परत येते, जशी आपली शेतातली हळद येते.

कारवी. यंदा तिला फूल नव्हते. कारवी दर वर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षांनी एकदा डोंगरच्या डोंगर जांभळा होतो, मधमाश्या खूप येतात, आणि बी पडले की सगळी कारवी एकदम मरते. मग तिच्या बियांतून नवीन कारवी येते आणि परत तेवढी वर्षे वाट पाहते. कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंती करतात. त्यावर शेणमातीने सारवतात. आमच्या गावात अजून अशी जुनी भिंत एका गोठ्याला आहे. फुलायच्या वर्षी बी पडायच्या आधी कारवी तोडली किंवा वणवा लागला, तर सात वर्षांची वाट फुकट जाईल.

रानात परकी झुडपेही आहेत. घाणेरी आणि रानमोडी. दोन्ही अमेरिकेकडून आलेली. घाणेरीची फुले छान दिसतात, म्हणून पूर्वी ती बागेत लावायला आणली होती. मग पक्ष्यांनी तिची काळी फळे खाल्ली आणि बी रानभर टाकले. रानमोडीचे बी वाऱ्याने उडते. गुरे ही झुडपे खात नाहीत. त्यामुळे ती वाढतच जातात आणि आपल्या फुलांची जागा अडवतात. गुरुजी म्हणाले, “पाहिलंत? परत येणं यांना फार चांगलं जमतं. ज्यांना जमत नाही त्यांची काळजी आपण घ्यायची.”

गौरीची उतरण

मोकळे रान संपते तिथे एक उतरण आहे. तिला आम्ही मुले गौरीची उतरण म्हणतो. कारण तिथे कळलावीचे वेल असायचे. कळलावीला अग्निशिखा पण म्हणतात. तिच्या पाकळ्या वर वळलेल्या असतात. आधी हिरवट पिवळ्या, मग केशरी, मग लाल होतात. खरोखर चुलीतल्या जाळासारख्या दिसतात. गौरीच्या दिवसांत फुलते म्हणून आमच्याकडे तिला गौरीचे फूलच म्हणतात.

त्या दिवशी उतरणीवर फक्त दोन वेल होते. गुरुजींनी विचारले, “इथे खूप होते ना? कुठे गेले?”

कोणी बोलले नाही. मी खाली पाहिले.

गेल्या वर्षी गौरीच्या आदल्या दिवशी आम्ही चार मुली इथे आलो होतो. फुले घ्यायची होती. तेरडा आपण मुळासकट आणतो, तशीच कळलावी पण ओढली. माती भिजलेली होती, कंदासकट वर आली. मजा वाटली. चौघींनी मिळून सतरा वेल काढले. एवढे लागत सुद्धा नव्हते. अर्धे वाटेतच टाकले.

मी हे सगळे गुरुजींना सांगितले. मला वाटले आता मारतील. पण त्यांनी आम्हाला त्या दोन वेलांजवळ नेले आणि म्हणाले, “आता नीट बघ.”

कळलावीच्या पानाचे टोक स्प्रिंगसारखे वळलेले असते. त्या टोकाने ती शेजारच्या झुडपाला धरते आणि वर चढते. दुसऱ्या कुठल्या वेलाचे पान असे आम्ही पाहिले नव्हते. जमिनीत तिला कंद असतो. कंद दोन फाट्यांचा, नांगरासारखा वाकडा. म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो. पुढच्या वर्षीचा वेल त्या डोळ्यातून येतो. डोळा मोडला की तो फाटा संपला.

कळलावीला बी पण येते. लाल लाल, सुंदर. पण बी रुजायला वेळ लागतो आणि बियांच्या रोपाला फूल यायला काही वर्षे जातात. तोवर त्याने कंद भरायचा असतो. म्हणून कळलावी भरवशाने परत येते ती कंदानेच. तेरड्याचे मूळ काढले तर फक्त यंदाचा तेरडा गेला. कळलावीचा कंद काढला तर पुढच्या सगळ्या वर्षांची कळलावी गेली. दोन्ही फुले गौरीचीच, दोन्ही एकाच वेळी फुलतात, पण दोघींचे वागणे वेगळे.

आणखी एक महत्त्वाचे. कळलावी विषारी आहे. कंद तर फारच विषारी. तोंडात घातला तर माणूस मरू शकतो. हात लागला तर हात धुवावे. लहान भावंडांना खेळायला देऊ नये. त्याच विषातून थोड्या प्रमाणात औषध काढतात. सांधे सुजून दुखतात अशा एका रोगावर डॉक्टर ते देतात. त्यासाठी तमिळनाडूत कळलावीची शेती करतात. ते तमिळनाडूचे राज्यफूल आहे, आणि आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशाचे राष्ट्रीय फूल आहे. आम्ही चौघींनी ते वाटेत टाकले होते.

गुरुजी म्हणाले, “फूल हवं तर एक फूल वरून खुडावं. पानं ठेवावीत. पानं आहेत तोवर ती उन्हात अन्न करतात आणि खाली कंदात भरतात. तेच अन्न पुढच्या वर्षी फूल होऊन वर येतं.”

राईत

उतरणीच्या पुढे राई सुरू होते. आत पाऊल टाकले की एकदम गार आणि अंधार. बाहेर घाम येत होता, आत तो सुकला. इथे जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा अशी मोठी झाडे आहेत. यातली बहुतेक झाडे बारा महिने हिरवी असतात. राईत चपला बाहेर काढतात, पण पावसात जळवा असतात, म्हणून गुरुजींनी देवळाच्या पायरीपर्यंत बूट घालू दिले. तरी दोघांना जळू लागलीच. जळू ओढून काढू नये. तिच्या तोंडाजवळ नख सरकवून ती सोडवावी. जळू चावली की रक्त लवकर थांबत नाही, कारण तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही. घाबरायचे काही कारण नसते.

राईत खाली फुले नव्हती. एकही नाही. ऊनच पोचत नाही तर फुलणार कशी? इथली फुले वर झाडांवर येतात. अंजनीला उन्हाळ्यात निळी फुले येतात. फांद्यांवर सीतेची वेणी होती, पण तिचा फुलायचा काळ होऊन गेला होता. नुसती जाड पाने आणि पांढरी मुळे दिसली. ती आमरी आहे. ती झाडावर फक्त बसते, झाडाचा रस घेत नाही. हवेतली ओल आणि सालीवरचा कचरा तिला पुरतो. बांडगूळ मात्र आपली मुळे फांदीत घुसवून रस घेते. दोन्ही झाडावरच राहतात, पण एक पाहुणी आणि एक चोर.

इथे आमच्या प्रश्नाची उत्तरे वेगळी निघाली. बांडगुळाचे बी चिकट असते. फुलटोचा नावाचा लहान पक्षी फळ खातो आणि त्याच्या विष्ठेतून बी फांदीला चिकटते. जांभळाचे बी पक्षी आणि उदमांजर नेतात. वर काड्यापानांचे एक मोठे घरटे दिसले. ते शेकरूचे होते. शेकरू आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तो दिसला नाही, पण घरटे पाहूनच आम्ही टाळ्या वाजवणार होतो. गुरुजींनी गप्प केले.

राईत गारंबीचा वेल आहे. वेल कसला, हत्तीच्या सोंडेएवढा जाड. त्याची शेंग एक मीटरपेक्षा लांब होते. बी चपटे, गोल, मोठ्या बटणासारखे. ते कठीण असते आणि पाण्यावर तरंगते. ओहोळातून नदीत, नदीतून समुद्रात जाते आणि दूरच्या किनाऱ्याला सुद्धा लागते. आमच्या राईतले बी सावित्रीतून बाणकोटला आणि तिथून समुद्रात जात असेल, असे मला वाटते.

मग कळशीचे काम आले. गुरुजींनी आधी बाहेर वाटेवरच्या घट्ट मातीवर एक तांब्या पाणी ओतायला लावले. पाणी गढूळ होऊन लगेच खाली वाहून गेले. मग राईतल्या पाचोळ्यावर एक तांब्या ओतला. पाणी कुठे गेले तेच कळले नाही! सगळे जिरले. पाचोळ्याखाली माती काळी आणि भुसभुशीत होती, त्यात बारीक मुळांची जाळी होती. म्हणून राईखालचा झरा वैशाखात सुद्धा आटत नाही. आमच्या वाडीचे उन्हाळ्यातले पाणी त्याच झऱ्याचे आहे. राईतली काडीसुद्धा कोणी नेत नाही, देवीचा कोप होतो म्हणतात. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या काळात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि अशा राया किती मोलाच्या आहेत ते सगळ्यांना सांगितले. आमच्या जुन्या माणसांनी ते देवीच्या नावाने आधीच सांभाळले होते.

२०२१ च्या जुलैमध्ये आपल्याकडे फार मोठा पाऊस झाला. महाड तालुक्यात तळिये येथे आणि आपल्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. माणसे गेली. मी तेव्हा लहान होते, पण घरातली माणसे रात्रभर जागी होती ते आठवते. मी गुरुजींना विचारले, “झाडं असली तर दरड येत नाही ना?” ते म्हणाले, “झाडांची मुळं वरची माती धरून ठेवतात. पण खूपच पाऊस झाला आणि डोंगर आतून सुटला, तर झाडंसुद्धा खाली येतात. म्हणून झाडं लावायची, आणि डोंगराला भेगा दिसल्या किंवा ओहोळाचं पाणी एकदम गढूळ झालं तर लगेच घर सोडून निघायचं. दोन्ही करायचं.” हे मी मुद्दाम लिहिले आहे.

परत आल्यावर

परत यायला वीस मिनिटेच लागली. घरी येऊन मी आजीला सगळे सांगितले. आजी म्हणाली, “अगं बाय, आम्ही कंद कधीच काढत नव्हतो. कोयतीने वरून खुडायचो. तुम्हा पोरींना कोणी सांगितलंच नाही, चूक आमची पण.”

मग मी हात धुवायला परसात गेले. कुंपणाजवळ गवतात एक लहान वेल होता. तो मी रोज पाहत होते, पण काही वाटले नव्हते. त्या दिवशी माझे लक्ष त्याच्या पानांकडे गेले. पानांची टोके स्प्रिंगसारखी वळलेली होती! गेल्या वर्षी एक कंद मोडला म्हणून मी तो कुंपणाकडे फेकला होता. त्याचा एक डोळा शाबूत राहिला असणार. फूल आले नव्हते, वेल वीतभरच होता, पण होता.

मी धावत जाऊन गुरुजींना बोलावले. ते म्हणाले, आत्ता हलवायचा नाही. दिवाळीनंतर वेल वाळेल आणि कंद जमिनीत झोपेल. पावसाच्या आधी, मे महिन्यात, ते स्वतः हातमोजे घालून तो कंद काढणार आहेत, आणि आम्ही तो गौरीच्या उतरणीवर लावणार आहोत. तोवर मी त्याच्याभोवती दगड मांडले आहेत आणि आजीने काटेरी फांदी लावली आहे, म्हणजे शेळी तोंड घालणार नाही आणि माझा लहान भाऊ हात लावणार नाही. फूल लगेच येणार नाही, कंद आधी भरायला हवा. पण सतरा काढले, त्यातला एक तरी परत जाईल.

मित्रांनो, तुम्हीही या वाटेने जा. एकटे जाऊ नका, मोठ्यांना सांगून जा. ओहोळ भरला असेल तर ओलांडू नका. ओळखत नसलेले फळ, पान किंवा कंद तोंडात घालू नका. कातळावर दगडावरून चाला. आणि फूल तोडायच्या आधी गुरुजींचा प्रश्न विचारा, पुढच्या वर्षी हे परत कसं येणार? कोणी बियांनी येते, कोणी कंदाने, कोणी बुंध्यातून. उत्तर माहीत नसेल तर फूल तिथेच ठेवा आणि घरी येऊन आजीला विचारा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी